तेरणगावच्या बागेला तीन कुलपं

८ जून, रविवार

तेरणगावच्या आईबापांनो, तुमची लेकरं संध्याकाळी बागेतून घरी येतात तेव्हा त्यांच्या चड्ड्या मागून फाटलेल्या असतात. तुम्ही त्या शिवता. दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा फाटतात, तुम्ही पुन्हा शिवता. पण घसरगुंडीच्या पत्र्याला पडलेलं भगदाड नगरपंचायतीनं बुजवावं, असं तुमच्यापैकी एकालाही ओरडून सांगावंसं वाटलं नाही. लोकशाहीशी तुमचा आता एवढाच संबंध उरला आहे: सुई आणि दोरा.

उद्याच्या सभेत मी अशी सुरुवात करणार आहे. बायकोला, अयोध्याला, वाचून दाखवली. ती शेंगा निवडत होती. म्हणाली, "चड्ड्या बायाच शिवतात. त्यातले बाप काढा." सूचना तर्काला धरून होती. पण 'आईबापांनो' या हाकेला जो पल्ला आहे तो नुसत्या 'आयांनो'ला नाही. बाप ठेवले.

बागेची अवस्था इथे नोंदवून ठेवतो. झोक्यांपैकी एकच चालतो, बाकीच्यांच्या नुसत्या साखळ्या लोंबतात. सीसॉची एक बाजू जमिनीत कायमची रुतली आहे, त्यामुळे वर बसलेलं मूल वरच राहतं. गोल चक्र फिरत नाही. घसरगुंडीवर मुलं खताची रिकामी पिशवी अंथरतात आणि तिच्यावर बसून सुसाट खाली येतात. परवा हे पाहिलं आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. अन्यायावर पिशवी टाकायची आणि किंचाळत घसरायचं. मराठवाड्याचा सगळा इतिहास या एका कृतीत आहे. हे वाक्य शेवटाला ठेवलं आहे.

९ जून, सोमवार

सभा बागेतच घेतली, मोठ्या चिंचेखाली. ग्रीक नगरराज्यांपासून सुरुवात केली, फ्रेंच राज्यक्रांतीवरून निजामी अमलावर आलो आणि तिथून घसरगुंडीवर. मागे मुलांचा गोंगाट चालला होता. ऐन रंगात आलो की कोणीतरी 'हट हट, सरका' म्हणत पिशवीवरून खाली यायचं आणि लोकांच्या माना तिकडे वळायच्या. शेवटी कार्यकर्त्यांना सांगून मुलांना बाहेर काढलं. बागेत एकही मूल उरलं नाही तेव्हा कुठे सभेला गांभीर्य आलं.

'बालहक्क उद्यान कृती समिती' स्थापन झाली. अध्यक्ष मी. सचिव धनाजी, बागेसमोरचा चहावाला. सभेनंतर तो म्हणाला, "सर, निजामाचं जरा लई झालं. पण बाया शेवटपर्यंत बसल्या."

बाया लेकरं बाहेरून परत कधी येतात याची वाट बघत बसल्या होत्या, असं अयोध्याचं म्हणणं. तिला सभाशास्त्र कळत नाही.

१३ जून, शुक्रवार

मुख्याधिकाऱ्यांकडे शिष्टमंडळ नेलं. मॅडम वयानं आमच्या लेकीएवढ्या, दीपालीएवढ्या असतील. चहा मागवला. म्हणाल्या, "सर, नव्या खेळण्यांना मे महिन्यातच मंजुरी आलीय. महिनाभरात बसतील. तोवर घसरगुंडीच्या पत्र्याला उद्या वेल्डिंग करून घेते."

मी उभा राहिलो. "मॅडम, आम्हाला ठिगळ नको. आम्हाला न्याय हवा."

"ठिगळ लावलं तर उद्यापासून लेकरं खेळतील, सर."

"आणि प्रश्नाची धार जाईल," मी म्हणालो.

त्यांनी फाईल मिटली. सत्ता निरुत्तर होते तेव्हा अशाच फायली मिटते. वेल्डिंग थांबवण्यात यश आलं. 'मे महिन्यात मंजुरी' ही अर्थातच थाप. तारीख ही नोकरशाहीची सर्वांत जुनी पळवाट आहे.

१६ जून, सोमवार

शाळा आज उघडल्या. आम्ही बाग बंद केली.

'टाळे ठोको' आंदोलन पूर्ण यशस्वी. बाजारात मिळणारं सर्वांत दणकट कुलूप घेतलं होतं. फाटकाला साखळी गुंडाळून ते स्वतःच्या हातानं लावलं आणि किल्ली उंच धरून म्हणालो, "धोकादायक खेळण्यांवर तेरणगावचं एकही लेकरू यापुढे पाय ठेवणार नाही. नवी खेळणी येतील तेव्हाच ही किल्ली फिरेल." टाळ्या बऱ्या पडल्या. फाटकाशेजारी मागण्यांचा काळा फलक उभा केला.

बागेचा रखवालदार गुंडाप्पा, मुरुम गावाकडचा माणूस, खुर्ची घेऊन बाहेर येऊन बसला. विचारलं, "तुम्हाला काही त्रास?"

"काय त्रास न्हाय, सर. पोरं न्हाईत, ओरडायचं न्हाय. लई आराम हाय. असंच ऱ्हावू द्या."

सामान्य माणसाचा असा पाठिंबा मिळाला की बळ येतं.

घरी अयोध्यानं विचारलं, "मग लेकरं खेळणार कुठं?"

मी म्हणालो, "लढ्यात त्याग असतोच."

"कुणाचा?" ती म्हणाली, आणि भाकरी थापायला लागली.

२१ जून, शनिवार

फंदफितुरी. मागच्या बाजूची भिंत एका ठिकाणी पडलेली आहे, तिथून मुलं आत जातात असं कळलं. गेलो तर खरंच. घसरगुंडीवर रांग लागलेली. त्या एकुलत्या एका झोक्यावर दोघं उभी आणि एक बसलेलं. मला पाहून सगळी भिंतीवरून पळाली. एक चिमुरडी पोरगी पळता पळता पडली, उठून फ्रॉक झटकत म्हणाली, "आमी न्हाय खेळलो, सर."

 आंदोलनाची धार लेकरांनीच बोथट करावी हे बरं नव्हे. भिंतीपाशी दोन कार्यकर्ते बसवले. संध्याकाळी पाहणी केली तेव्हा ते पत्ते खेळत होते. बागेच्या परिसरात सध्या एवढाच खेळ चालू आहे. विनोद म्हणून लिहिलं. वाचून मला फारसं हसू आलं नाही.

२९ जून, रविवार

मुरुमहून दीपालीचा फोन. पंचमीला येते म्हणाली. मग नातीनं, गायत्रीनं, फोन ओढून घेतला. पाच वर्षांची आहे, पण बोलण्यात माझ्यावर गेली आहे.

"आबा, तुमच्या गावात झोका हाय का?"

"आहे. आणि तू येशील तेव्हा नवा कोरा असेल."

"आमच्याकडं न्हाय. इथं बागच न्हाय. मला लई उंच घ्यायचाय. आभाळाला पाय लावायचाय."

"लावशील," मी म्हणालो.

"शब्द?"

"शब्द."

आयुष्यभर हजारो लोकांपुढे शब्द दिले. त्यांतला कोणीही नंतर फोन करून विचारत नाही. ही विचारेल. पंचमीच्या आत खेळणी बसलीच पाहिजेत.

५ जुलै, शनिवार

विजय. नवी खेळणी आली. लाल, निळी, पिवळी. बोगद्याची घसरगुंडी, शिडी, चढायची जाळी, आणि झोके. ट्रक फाटकाशी थांबला तेव्हा मी खिशात किल्ली घेऊन समोर धनाजीच्या हॉटेलात बसलो होतो. कोणीतरी यावं, 'सर, आपण जिंकलात, कृपया कुलूप काढा' म्हणावं, एवढीच अपेक्षा. कोणी आलं नाही. मॅडम किल्ली मागायला तयार नव्हत्या आणि मी न मागता द्यायला. ट्रक तासभर उभा राहिला.

मग क्रेन आली. मागची भिंत होती त्यापेक्षा जास्त पाडली आणि खेळणी वरून उचलून आत नेली. निळी घसरगुंडी चिंचेच्या शेंड्यावरून तरंगत गेली तेव्हा शाळा सुटली होती. सगळं गाव माना वर करून बघत होतं. मीही बघितलं. खोटं कशाला लिहू, सुंदर दिसत होती.

धनाजी म्हणाला, "सर, तुम्ही उठून किल्ली दिली असती तर क्रेनचा खटाटोप वाचला असता."

"धनाजी, प्रश्न क्रेनचा नाही."

"मग कशाचा हाय?"

या माणसाला सचिव करण्यात घाई झाली.

९ जुलै, बुधवार

आज तीन गोष्टी घडल्या.

एक, मागची भिंत नवी बांधून झाली. उंच, वर काचा रोवलेली. आता बागेत शिरायला फाटक सोडून जागा नाही.

दोन, फाटकावर भला मोठा फलक लागला: 'माजी नगरसेवक अमरसिंह यांच्या अथक प्रयत्नांतून साकार'. अमरसिंह माझा विद्यार्थी. राज्यशास्त्रात दोनदा नापास झाला होता. तो फलक पाहिला आणि विषय त्याला कळला आहे अशी खात्री पटली.

तीन, मॅडमनी साखळीत नगरपंचायतीचं कुलूप अडकवलं. लोकार्पण होईपर्यंत साहित्य सुरक्षित राहावं म्हणून. माझ्या कुलपाला स्पर्श केला नाही. म्हणाल्या, "सर, तुमचं तुम्ही काढा. खेळणी तर आली."

मी म्हणालो, "ही खेळणी जनआंदोलनामुळे आली, एवढं एका ओळीत लेखी द्या. त्याच क्षणी काढतो."

"पण मंजुरी मेची आहे, सर. मी खोटं कसं लिहून देऊ?"

पुन्हा तीच तारीख. ही ओळ मला माझ्यासाठी नको आहे. इतिहासासाठी हवी आहे. उद्या पोरं त्या झोक्यांवर बसतील आणि त्यांना वाटेल, झोके आपोआप येतात. अशी पिढी पुढे काय लढणार?

१४ जुलै, सोमवार

अमरसिंहनंही आपलं कुलूप लावलं. कारण, 'कुणीतरी श्रेय लाटण्यासाठी आधीच उद्घाटन उरकेल.' हे कुणीतरी म्हणजे मी.

हॉटेलात गाठ पडली. पाया पडला. नंतर माझ्याच चहात बिस्कीट बुडवत म्हणाला, "सर, तुमचं कुलूप मोठं हाय, आपलं बारकं. पण साखळी एकच हाय. तुम्ही काढा, मी काढतो."

"आधी तुझा फलक काढ."

"फलक निघंल सर, पण छापायला टाकलाय त्यो दुसरा हाय ना, लोकार्पणाचा."

"त्यावर समितीचं नाव असेल?"

"हाय की. खाली. 'विशेष सहकार्य'मधी. मंडपवाल्याच्या वर घेतलंय तुम्हाला."

मी उठलो. मागे तो धनाजीला सांगत होता, "सर लई वाचत्यात, पण वाटत न्हाय." काय वाटत नाही ते ऐकू आलं नाही.

१९ जुलै, शनिवार

आठवडी बाजाराच्या मैदानामागे बागेतून क्रेननं काढलेली जुनी खेळणी टाकून दिली आहेत, लिलाव होईपर्यंत. आज तिकडून येताना पाहिलं. तेरणगावातली झाडून सगळी मुलं तिथं. घसरगुंडी उकिरड्याच्या उतारावर टेकवली आहे आणि तिच्यावर तीच खताची पिशवी. झोक्याचा लोखंडी सांगाडा तिघा-चौघांनी उभा करून त्याच्या पायांत दगड रचले आहेत. धुरपताबाई, आमच्या गल्लीतल्या म्हशीवाल्या आजी, शेणाची पाटी खाली ठेवून बघत उभ्या होत्या.

मी म्हणालो, "आजी, हे धोकादायक आहे. म्हणून तर लढा दिला."

"व्हय की," त्या म्हणाल्या. "तुमच्या लढ्यानं लई चांगलं केलं. पयलं लांब जावं लागायचं, आता घराजवळ आलं."

त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळलं नाही. त्या वयात चेहऱ्यावर काही उमटत नाही.

२६ जुलै, शनिवार

लोकार्पणाची तारीख निघाली. मंगळवारी, ऐन पंचमीला. पाहुणे कुठल्याशा महामंडळाचे अध्यक्ष आहेत. कुठल्या, ते निमंत्रणपत्रिका दोनदा वाचूनही समजलं नाही. फीत त्यांच्या हस्ते. मंडप अमरसिंहचा. धनाजीनं चहाचं काम घेतलं आहे आणि समितीचा राजीनामा तोंडी दिला. म्हणाला, "सर, मनानं तुमच्याबरोबरच हाय. फक्त चहा तिकडं हाय."

समितीत आता मी उरलो. संख्याबळाला मी कधीच महत्त्व दिलं नाही. इतिहासात सुरुवातीला माणूस एकटाच असतो. शेवटीही असतो का, याबद्दल वाचल्याचं आठवत नाही.

दीपाली आणि गायत्री उद्या येतात.

२७ जुलै, रविवार

गायत्रीला बाग दाखवायला नेलं. तिनं फाटकाच्या गजांतून तोंड आत घातलं. झोके अजून प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेले आहेत, वाऱ्यानं कागद फडफडतो.

"आबा, उघडा ना."

"मंगळवारी."

"कुलूप कुणाचं?"

"मोठं आहे ते माझं."

तिनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं तसं मला कुठल्याही सभेनं पाहिलेलं नाही. छाती भरून आली. परत येताना दोनदा मागे वळून कुलपाकडे बघत होती.

२९ जुलै, मंगळवार, नागपंचमी

जसं घडलं तसं लिहितो.

सकाळपासून बाया फाटकापाशी जमत होत्या. नव्या साड्या, कोपरापर्यंत मेंदी, खांद्यावर दोर. दरवर्षी बागेतल्या चिंचेला पंचमीचे झोके बांधतात आणि माहेरी आलेल्या लेकी दिवसभर तिथून हलत नाहीत. घरोघरी पुरणाची दिंडं उकडून झाली होती, आता काम नव्हतं. लेकरं तर कालपासूनच तिथं होती म्हटलं तरी चालेल. फाटकाला तीन कुलपं आणि वर लाल रेशमी फीत.

पाहुणे सकाळचे दुपारी आले. सत्कार झाला. अमरसिंहनं तबक पुढे केलं, त्यात कात्री. पाहुण्यांनी कात्री उचलली आणि फोटोवाल्याकडे पाहिलं. मी गर्दीतून पुढे झालो.

"थांबा," मी म्हणालो. "आज पंचमी आहे. आजच्या दिवशी या मुलखातली बाई भाजी चिरत नाही, चुलीवर तवा ठेवत नाही, शेतकरी जमिनीत कुदळ घालत नाही. आणि आमच्या आयाबहिणींच्या देखत तुम्ही इथं कात्री चालवणार?"

हे बोलणारा मी. तीस वर्षं मी या समजुतींविरुद्ध बोललो आहे. एका पंचमीला कॉलेजात भर वर्गात काकडी चिरून खाल्ली होती, आणि घरी आल्यावर आई माझ्याशी आठवडाभर बोलली नव्हती. आज ते सगळं मला बोलता बोलताच आठवत होतं आणि तरी वाक्यं एकामागून एक नीट येत होती. हे वक्तृत्वाचं सामर्थ्य आहे की आणखी काही, यावर सवडीनं विचार करायला हवा. अयोध्या बायांच्या रांगेत होती. तिनं पदर तोंडाला लावला. हसली असावी.

परिणाम मात्र झाला. बायांत कुजबुज उठली. धुरपताबाई पुढे आल्या. "सर बोलत्यात ते खरं हाय. आज कात्री न्हाय चालायची."

पाहुण्यांनी कात्री विंचू टाकावा तशी तबकात टाकली. देवाधर्माच्या बाबतीत बायांशी वाकडं घ्यायचं नाही, एवढं राजकारण त्यांना येत होतं. अमरसिंहचा चेहरा पडला. लोकार्पण बारगळलं असं मला वाटलं, आणि आत कुठेतरी गोड वाटलं.

तेवढ्यात धुरपताबाई म्हणाल्या, "पर कापायची कशाला म्हणते मी? गाठ मारलीया न्हवं? गाठ सोडाया काय हरकत हाय?" आणि त्यांनी स्वतःच फितीची गाठ सोडून, फीत गुंडाळून कमरेला खोचली. टाळ्या पडल्या. पाहुण्यांनीही वाजवल्या. मॅडमनी पर्समधून किल्ली काढली, आपलं कुलूप उघडलं. अमरसिंहनं पाहुण्यांकडे बघत, फोटोवाला नीट उभा राहिला याची खात्री करून आपलं उघडलं. लेकरं फाटकाला चिकटली. गायत्री सगळ्यांत पुढे.

मग सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"सर, किल्ली," मॅडम म्हणाल्या.

किल्ली सदऱ्याच्या खिशात होती, पेनाच्या मागे. मी म्हणालो, "एक ओळ लेखी."

"सर, आज नको ना."

"आजच. सगळ्यांसमोर."

पाहुण्यांनी अमरसिंहला विचारलं, "हे कोण?"

"आमचे सर हायत. सगळं वाचलंय त्यांनी."

पाहुण्यांनी मला नमस्कार केला, घड्याळ बघितलं आणि सोनारी गावात पुढचा कार्यक्रम आहे म्हणून निघून गेले. त्यांच्यामागे मंडप रिकामा झाला. बाया आणि लेकरं तेवढी राहिली.

धनाजी म्हणाला, "मेव्हण्याचं वेल्डिंगचं दुकान हाय. कटर आणतो. दोन मिन्टात कुलूप कापून काढू."

"आरं खुळ्या," धुरपताबाई म्हणाल्या, "आज काय बी कापायचं न्हाय, आत्ताच तर ठरलं."

धनाजीनं माझ्याकडे पाहिलं. ठरवणारा मीच होतो. तेरणगावात आजवर एवढं मजबूत कुलूप कुणाचं झालं नसेल. त्याला आता धर्माचंही संरक्षण होतं.

मी बोलायला उभा राहिलो. दुसरं काय करणार होतो? तत्त्वासाठी मोजावी लागणारी किंमत, पुढच्या पिढ्यांची स्मृती, यावर बोललो. पहिल्यांदा एका बाईनं दोर खांद्यावर टाकला, मग दुसरीनं. दीपाली माझ्याजवळ आली. हळूच विचारलं, "अण्णा, किल्ली घरी आहे का खिशात?"

"खिशात."

"बरं," ती म्हणाली. गायत्रीचं बोट धरलं आणि बायांबरोबर गेली. अयोध्याही गेली.

बोलून झालं तेव्हा समोर फक्त गुंडाप्पा होता. त्यानं खुर्ची माझ्याकडे सरकवली. "सर, म्या जेवून येतो. तुमी हाय न्हवं फाटकावर?"

मी बसलो. तो बऱ्याच वेळानं आला.

३० जुलै, बुधवार

काल बायांनी बाजारामागच्या मैदानात, त्या मोडक्या सांगाड्याला झोके बांधले. दिवस मावळेपर्यंत होत्या म्हणे. अयोध्यानंही झोका घेतला, हे मला गायत्रीकडून कळलं. काल घरी कोणी माझ्याशी भांडलं नाही. मी उत्तरं तयार ठेवली होती, ती तशीच राहिली. दिंडं वाढली, तूप वाढलं. मी दोन जास्त खाल्ली.

आज सकाळी पेपर घेऊन आत बसलो होतो. ओट्यावर गायत्री गल्लीतल्या पोरींशी बोलत होती. खिडकी उघडी होती.

"ती मोठी बाग हाय ना, निळ्या घसरगुंडीची, ती माझ्या आबाची हाय."

"खोटं."

"शप्पथ. कुलूप आबाचंच हाय. मॅडमचं निघालं, त्या मिशीवाल्याचं निघालं. आबाचं न्हाय निघालं. पोलिसांना बी न्हाय निघणार."

"मग आमाला सोडतील का ते?"

"न्हाय. आबा कुणालाच सोडत न्हाईत." आवाजात केवढा अभिमान होता. मग जरा विचार करून म्हणाली, "तुझ्यासाठी म्या विचारून बघते. पर एकदाच."

ती पोरगी 'बरं' म्हणाली. रागानं नाही, कुरकुर करून नाही. असंच असतं हे तिला ठाऊक असल्यासारखं.

गायत्रीला आत बोलावलं. मांडीवर घेतलं. बाग सगळ्यांची असते, आपण कुलूप का लावलं, कोणाविरुद्ध लावलं, हे समजावून सांगितलं. सोप्या भाषेत सांगितलं. मधे एकदा तिनं जांभई दिली. मला वाटतं मी नीट सांगितलं. मुद्दे क्रमानं होते. शेवटी विचारलं, "कळलं?"

"कळलं." मग माझ्या कानाशी येऊन, बाहेरच्यांना ऐकू जाऊ नये अशा बेतानं म्हणाली, "मग आपण दोघंच कधी जायचं?"

मी पेपर उचलला. अक्षरं दिसत होती, वाचता येत नव्हतं. तिच्या प्रश्नात एकही चूक नव्हती. मी बोललेला एकही शब्द तिच्यापर्यंत पोचला नव्हता. कुलूप पोचलं होतं. साऱ्या गावातल्या लेकरांपर्यंत तेच पोचलं आहे. भिंतीवरून पळताना ती चिमुरडी 'आमी न्हाय खेळलो' म्हणाली होती. ती कुणाला म्हणाली होती?

मला अजूनही वाटतं की ती एक ओळ लेखी मिळायला हवी होती. मे महिन्याच्या मंजुरीची प्रत माहितीच्या अधिकारात मागवणार आहे. पण ती यायला महिना लागेल, आणि गायत्रीची मुरुमची गाडी उद्या दुपारी आहे.

अयोध्याला म्हणालो, "जरा बागेकडे जाऊन येतो."

"किल्ली घेतली?"

"आता नाही उघडत. कुणी नाही तिथं. उघडताना लेकरं हवीत."

तिनं पोळपाटावरून मान वर केली. "तुम्हाला उघडताना लेकरं हवीत, का लेकरांना उघडलेलं हवंय?" आणि मग, बऱ्याच दिवसांनी, हसली. "जावा. चार ओळीच लिवा."

मी काही सांगितलं नव्हतं, पण लिहायलाच चाललो आहे हे तिला कळलं होतं. फाटकाशेजारच्या काळ्या फलकावरच्या मागण्या रुमालानं पुसल्या. त्या पुसायला बराच वेळ लागला. गुंडाप्पा खुर्चीतून बघत होता, त्याला आपला आराम संपत आल्याची शंका आली असावी. खडूनं नवा मजकूर लिहिला. चारपेक्षा थोड्या जास्त ओळी झाल्या. नक्कल इथे उतरवून ठेवतो.

"तेरणगावच्या लेकरांनो, दीड महिना तुमची बाग एका माणसानं अडवून धरली आहे. तो मी. उद्या, गुरुवारी, शाळेच्या आधी सगळ्यांनी इथं फाटकापाशी जमा. मी येईन. किल्ली माझ्या सदऱ्याच्या खिशात, पेनाच्या मागे असेल. मी स्वतःला ओळखतो. एवढी गर्दी पाहिली की मला दोन शब्द बोलावेसे वाटतील. ते ऐकत थांबू नका. जो सर्वांत पुढे असेल त्यानं माझ्या खिशात हात घालावा, किल्ली काढावी आणि कुलूप उघडावं."